व्होल्गाकाठची मोटार व आमच्या घरची मूठ

हसू नये तेथे आपण हसलो, ही जाणीव माणसास बहुधा हसून झाल्यावरच होते. आम्हांस ती झाली २०१० सालच्या सप्टेंबराच्या आरंभी, एका शनिवारी, शब्बाथ उतरल्यानंतर. अश्दोदच्या उकाड्यात घरात बसवेना म्हणून इमारतीखालच्या बाकांवर नेहमीची मंडळी जमली होती. आपल्या समाजाची तीन-चार घरे, मोरोक्कोकडील एक कुटुंब, आणि तिसऱ्या मजल्यावर राहणारे आमचे रशियन शेजारी. रशियाचे त्या वेळचे पंतप्रधान पुतिन हे पिवळ्या रंगाची लाडा कलिना मोटार स्वतः हाकीत खबारोव्स्कहून चिताकडे नव्या महामार्गाने निघाल्याची बातमी तेव्हा ताजी होती. त्यांच्या ताफ्यात तशाच दोन पिवळ्या कलिना आणखी होत्या, आणि त्यांतील एक तर दुसऱ्या वाहनावर लादलेली होती, हेही रस्त्याकडेच्या कोणी टिपले होते. तेव्हा विषय निघाला आणि आमच्या पुतण्याने विचारले, "लाडाच्या मागच्या काचेत ऊब देणाऱ्या तारा का बसवतात, ठाऊक आहे? ढकलणाऱ्यांचे हात गारठू नयेत म्हणून!"

सारे हसले. आम्ही तर सर्वांत मोठ्याने हसलो. शेजारी गृहस्थ उठले, त्यांनी बुद्धिबळाची पेटी मिटवून काखेत घेतली, शुभरात्री म्हटले आणि जिना चढून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नीकडून कळले की, इस्रायलला येण्यापूर्वी सलग एकोणीस वर्षे ते तोल्याती नगरात होते आणि त्याच मोटारीचे सुटे भाग तपासण्यात त्यांची उमेद गेली होती.

चार वर्षे एका इमारतीत राहून आम्ही त्यांचा पूर्वीचा व्यवसाय कधी विचारला नव्हता! १९९१ साली आल्यावर त्यांनी प्रथम नगरपालिकेचे रस्ते झाडले, पुढे एका गोदामावर पहारा केला, एवढेच आम्हांस माहीत होते. आपणही या देशात आलो तेव्हा आपण तिकडे कोण होतो हे कोणी विचारीत नाही म्हणून किती मने दुखावली होती, हे वाचकांस सांगावयास नको. संध्याकाळी घरच्या करंज्या ताटलीत घेऊन आम्ही क्षमा मागावयास गेलो. हिब्रूत लहानथोर सर्वांस एकच 'तू'. मराठीतले 'आपण' आमच्या ओठांवर घुटमळते, तसे त्यांच्या रशियन भाषेतलेही एक आदरार्थी अनेकवचन आहे. त्या दिवशी आम्हां दोघांनाही ते फार आठवले असावे. त्यांनी करंजी खाल्ली, हात पुसले आणि म्हणाले, "विनोद खरा आहे. पण तो आम्ही सांगायचा, तुम्ही नव्हे."

तेथून आमची मैत्री जडली. आम्ही पेशाने शिक्षक असल्याने ऐकलेली गोष्ट वाचून पडताळण्याची खोड आहे. त्यांनी सांगितलेले व आम्ही मागाहून वाचलेले असे दोन्ही येथे एकत्र देत आहोत.

तोल्यातीचे मूळ नाव स्ताव्ह्रोपोल. १७३७ साली वसलेले हे व्होल्गाकाठचे गाव १९५०च्या दशकात धरणाच्या जलाशयाखाली गेले आणि वस्ती उचलून उंचावर नेण्यात आली. १९६४ साली इटलीचे कम्युनिस्ट पुढारी पाल्मिरो तोल्याती यांचे सोव्हिएत भूमीवर, याल्ता येथे निधन झाले. त्यांचे नाव या गावास देण्यात आले. दोन वर्षांनी, १९६६च्या ऑगस्टात, इटलीच्याच फियाट कंपनीशी सोव्हिएत सरकारने करार केला, आणि ज्या गावाचे नाव इटालियन त्याच गावाजवळ इटालियन मोटारीचा अवाढव्य कारखाना उभा राहू लागला. वर्षाकाठी ६,६०,००० मोटारी हे त्याचे उद्दिष्ट होते. लेनिनच्या जन्मशताब्दीला तीन दिवस उरले असता, १९ एप्रिल १९७० रोजी, पहिल्या सहा गाड्या बाहेर पडल्या. दोन निळ्या, चार लालभडक.

ती मोटार म्हणजे फियाट १२४. १९६७ सालची युरोपातील सर्वोत्तम मोटार असा तिचा गौरव झाला होता. पण इटलीचे रस्ते निराळे आणि रशियाचे निराळे. चाचणीत तिचे हाल झाले आणि तिच्यात आठशेहून अधिक फेरफार करण्यात आले. पत्रा जाड झाला, गाडी जमिनीपासून उंच केली, मागचे डिस्क ब्रेक चिखलात टिकेनात म्हणून ड्रमचे ब्रेक आले, इंजिन नवे बसवले. थंडीत बॅटरीने मान टाकल्यास हाताने फिरवून चालू करण्याची सोयही ठेवली. देशात तिला जवळच्या टेकड्यांवरून 'झिगुली' म्हणत. परदेशात या नावाचा भलताच अर्थ निघू लागल्याने निर्यातीसाठी 'लाडा' हे नाव आले. लोकांनी मात्र पहिल्या मॉडेलला पुढे 'कोपेयका' म्हटले. कोपेक म्हणजे रूबलचा शंभरावा हिस्सा, आपला पैसा.

पैशाची गाडी पैशात मिळत नव्हती! किंमत ५,५०० रूबल आणि १९७० साली सरासरी मासिक पगार सुमारे १२० रूबल. वर्गात गणित घालावे तसे करून पाहिले तर अन्नवस्त्रावर एक कोपेकही न खर्चता पावणेचार वर्षांहून अधिक काळाचा पगार. एवढे साठवूनही गाडी हाती येत नसे. नोकरीच्या ठिकाणी नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे पाळीची वाट पाहायची. त्यामुळे वापरलेली जुनी गाडी नव्या गाडीहून महाग विकली जाई, कारण ती आज मिळे. रस्त्यावर गाडी ठेवताना लोक काचेवरचे वायपर काढून खिशात घालून नेत, कारण चोरीस गेले तर दुसरे मिळण्याची शाश्वती नव्हती. मॉस्कोतली 'मॉस्क्विच', गॉर्कीची 'व्होल्गा', युक्रेनमधली चिमुकली 'झापोरोझेत्स' या इतर गाड्या होत्या, पण त्या स्पर्धक नव्हत्या. ज्याला जी मिळे ती तो घेई.

हे ऐकताना आम्हांस राहून राहून कुर्ला आठवत होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीचा कुर्ल्याचा कारखाना आपल्यापैकी अनेकांनी गाडीतून जातायेता पाहिला असेल. फियाट ११०० तेथे होई, तिचीच पुढे पद्मिनी झाली. तिलाही रांग होती, तिच्यासाठीही लोक वर्षे मोजीत. इतकेच नव्हे, १९८५ साली प्रीमियरने ११८ एनई ही गाडी काढली, तीही मुळात फियाट १२४च. स्पेनच्या सियाट कंपनीकडचे साचे त्यासाठी मुंबईस आले होते. म्हणजे व्होल्गेची झिगुली आणि आमच्या मुंबईची ११८ या सख्ख्या बहिणी! शेजाऱ्यांना हे सांगितले तेव्हा ते प्रथम विश्वासच ठेवीनात. मग छायाचित्र पाहून त्यांनी दिव्यांची ठेवण सोडून बाकीच्या अंगावर बोट फिरवले, जणू दूर देशी दिलेल्या मुलीचे खुशालपत्र आले आहे.

आमचे बाबा कुर्ल्यातच, पण मोठ्या कारखान्यात नव्हे, तर त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या एका लहान वर्कशॉपात होते. ठाण्याहून पहाटेची लोकल धरून जात आणि दिवसभर धातूवर क्रोमचा मुलामा चढवीत. बंपरच्या पट्ट्या, दारांच्या मुठी. ज्या नगात खोट निघे तो त्यांना भंगाराच्या भावात घरी आणण्याची मुभा होती. पद्मिनीच्या दाराची अशीच एक नापास मूठ आमच्या स्वयंपाकघरातील फडताळाला लावलेली होती. आईने तिला चिंचेने घासघासून अशी लखलखीत ठेवली होती की पाहुणे विचारीत. १९९४ साली आम्ही या देशी आलो तेव्हा फडताळ तेथेच राहिले, मूठ मात्र बाबांनी पिळे सोडवून सामानात घातली.

शेजाऱ्यांनीही एक वस्तू सामानात घातली होती, हे आम्हांस दोन वर्षांनी कळले. २०१२ साली त्या जुन्या घडणीच्या शेवटच्या गाड्या निघून तिचे उत्पादन थांबले, हे वाचून ते आमच्याकडे आले होते. खिशातून त्यांनी बोटभर लांबीचा एक शिक्का काढून मेजावर ठेवला. तोल्यातीत तेही मुख्य कारखान्यात नव्हतेच. दाराच्या चौकटीला लावावयाच्या रबरी पट्ट्या करणाऱ्या एका लहान कारखान्यात ते तपासनीस होते. नग तपासून योग्य ठरला की हा शिक्का मारायचा. येताना तो परत करावयाचा राहून गेला, असे ते म्हणाले. खरे तर तो त्यांनी मुद्दाम आणला असावा.

"महिन्याचे पहिले दहा दिवस माल येत नसे," ते म्हणाले. "दुसरे दहा दिवस यंत्र मोडलेले असे. मग शेवटच्या दहा दिवसांत साऱ्या महिन्याचा आकडा भरायचा. पहिल्या वर्षी मी नग परत पाठवीत असे. दुसऱ्या वर्षी वरिष्ठांनी बोलावले. ते वाईट गृहस्थ नव्हते. एवढेच म्हणाले, गाडीसाठी माणूस सात वर्षे थांबला आहे. पावसात दार थोडे गळले म्हणून तो ती परत करील काय? मी विचार केला. खरेच, तो नाही करणार. त्यानंतर मी शिक्का मारू लागलो."

आम्ही काही बोललो नाही. त्यांना वाटले आम्ही न्याय करीत आहोत. वस्तुतः आम्हांस आमचाच एक शिक्का आठवला होता. डी.एड. होऊन १९९० साली मुंबईतील एका शाळेत लागलो तेव्हा चौथीच्या वर्गात बासष्ट मुले होती. त्यांत एक मुलगा असा की, त्यास जोडाक्षर वाचता येत नसे. वर्षअखेर मुख्याध्यापकांनी सांगितले, सर्वांना वर घाला, निकाल शंभर टक्के दिसला पाहिजे. आम्ही त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'उत्तीर्ण' लिहून सही केली. त्याचा बाप गोदीत हमाल होता, पुस्तक उलटे धरून तो आमचे आभार मानून गेला. त्याच्या मुलास दुसरी शाळा मिळण्यासारखी नव्हती. मिळण्यासारखी असती तर आमची लेखणी अडखळली असती की नाही? या प्रश्नाचे उत्तर आम्ही शेजाऱ्यांस दिले नाही, येथेही देत नाही.

असो. पुढची हकिगत झपाट्याने सांगितली तरी चालेल. १९९० नंतर रशियाची दारे उघडली आणि जपान-जर्मनीच्या जुन्या गाड्या आत आल्या. तोल्यातीत कारखान्यातून निघणाऱ्या मोटारींच्या विक्रीवर हात मारण्यासाठी टोळ्यांची युद्धे झाली. त्यांविषयी लिहिणाऱ्या तेथील एका वृत्तपत्राचे दोन संपादक, वालेरी इवानोव २००२ साली आणि त्यांच्या जागी आलेले अलेक्सेई सिदोरोव २००३ साली, मारले गेले. मग परदेशी कंपन्यांनी रशियातच कारखाने घातले. फोर्ड आली, रेनो आली, टोयोटा, फोक्सवॅगन, ह्युंदाई आल्या. २०१६ साली तर रशियात सर्वाधिक खपलेले मॉडेल लाडाचे नव्हे, ह्युंदाईचे सोलारिस होते. ज्या कारखान्याने एके काळी देशातील निम्म्याहून अधिक मोटारी केल्या, त्याची ही गत!

सरकारने त्या कारखान्यास सोडले मात्र नाही. आमच्या दोघांमध्ये खरा वाद झाला तो येथेच. जानेवारी २००९ पासून परदेशी गाड्यांवरील जकात वाढविण्यात आली, तोल्यातीतील नोकऱ्या वाचाव्यात म्हणून. त्या वेळी कारखान्यात लाखभर माणसे होती आणि सात लाखांचे नगर त्यांवर उभे होते. परंतु तेथून हजारो मैलांवर, प्रशांत महासागराच्या काठी व्लादिवोस्तोक हे बंदर आहे. तेथील माणसे समुद्रापलीकडच्या जपानहून उजव्या चाकाच्या जुन्या गाड्या आणून विकतात, दुरुस्त करतात, चालवतात. त्या नगराचे पोट त्यावर भरते. डिसेंबर २००८ मध्ये ते लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांस पांगविण्यास मॉस्कोहून विमानाने पोलीस आणावे लागले. एका गावाची चूल पेटती राहावी म्हणून दुसऱ्या गावाच्या चुलीत पाणी ओतले गेले.

"माझा भाचा तोल्यातीत त्या कारखान्यात आहे," शेजारी म्हणाले. "त्याची नोकरी राहावी असे मलाही वाटते. पण मी व्लादिवोस्तोकमध्ये असतो तर दगड हाती घेतला असता. आमच्या मोटारीस स्पर्धेने मारले नाही. पंचवीस वर्षे स्पर्धा नव्हती, त्याने मारले."

आम्हांस हे सहजासहजी पटेना. भारतात डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली. गिऱ्हाईक सुखावले, हे मान्य. पण बाबांच्या वर्कशॉपात पुढे जे झाले ते आम्ही पाहिले आहे. मुठी कमी होत गेल्या, तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, दोनाची एक. बाबा १९९३ साली निवृत्त झाले, त्यांचे निभावले. त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान सहकाऱ्यांपैकी कोणी रिक्षा धरली, कोणी गावी गेला. ते लोक कामात कच्चे होते काय? खोटा नग ते पुढे पाठवीत नव्हते, आमच्या फडताळाची मूठच साक्ष होती. मग शिक्षा त्यांना कोणत्या चुकीची? शेजाऱ्यांनी यावर बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही. मी रबराचा माणूस आहे."

तिकडे २००८ साली रेनोने शंभर कोटी डॉलर देऊन कारखान्याचा चौथा हिस्सा घेतला होता, पुढे मालकीही घेतली. सत्तावीस हजारांहून अधिक माणसे कमी करण्याची योजना २००९ सालीच जाहीर झाली होती. पण गाड्या सुधारल्या. २०१५ साली आलेल्या 'वेस्ता'ची छायाचित्रे शेजारी मुद्दाम दाखवावयास घेऊन आले होते. मग फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चाल केली आणि मे महिन्यात रेनोने आपला सुमारे ६८ टक्के हिस्सा एका सरकारी संस्थेस देऊन टाकला. किंमत एक रूबल. सहा वर्षांच्या आत परत विकत घेण्याची मुभा तेवढी राखून ठेवली. ती बातमी वाचून शेजारी म्हणाले, "कोपेयका अखेर शंभर कोपेकांना गेली." हा विनोद त्यांनी सांगितला होता, तरीही आम्ही हसलो नाही.

रशियातील नव्या गाड्यांची विक्री २०२१ साली साडेसोळा लाखांवर होती, ती २०२२ साली सात लाखांच्या आत आली. सुटे भाग मिळेनात म्हणून त्या जूनमध्ये लाडा ग्रान्टा ही गाडी हवेच्या पिशव्या व चाक घसरू न देणारे ब्रेक वगळून निघू लागली, आणि तिला नाव दिले 'क्लासिक'! शेजाऱ्यांनी हे वाचून चष्मा काढून ठेवला. युरोपचे, जपानचे, कोरियाचे स्पर्धक निघून गेले होते, रांगेचे जुने दिवस परत येणार असे वाटत होते. पण मोकळ्या जागेत चीनच्या मोटारी आल्या आणि दोन वर्षांत निम्म्याहून अधिक बाजार त्यांनी व्यापला. २०२४ साली परदेशी गाड्यांवरील शुल्कात पुन्हा मोठी वाढ झाली. तरी कर्जाचे व्याज जबर, गिऱ्हाईक हात आखडून, आणि २९ सप्टेंबर २०२५ पासून कारखान्याने आठवड्यास चारच दिवस काम ठेवले, सहा महिन्यांसाठी. शेजाऱ्यांचा भाचा आता पन्नाशी उलटलेला, आमच्याच वयाचा. पाचव्या दिवशी तो गावाबाहेरच्या आपल्या मळ्यात बटाटे काढतो, असे त्याने दूरध्वनीवर कळवले.

ही वार्ता सांगावयास शेजारी आले ते प्रथमच थेट स्वयंपाकघरात येऊन बसले. आता पंच्याहत्तरी गाठली आहे, गुडघे कुरकुरतात, बैठकीच्या खोलीतील नरम कोचावरून त्यांना उठवत नाही. चहा होईतो त्यांची नजर भिंतीवरील कपाटाकडे गेली. बाबांनी या घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात ती मूठ तेथे बसवली होती. बाबांना जाऊन एकवीस वर्षे झाली, मूठ आहे. एवढ्या वर्षांत तिच्याविषयी आम्ही त्यांच्याशी बोललो होतो, पण दाखविण्याचे कधी सुचले नव्हते.

ते उठले. "आमची मूठ दारात आत बसवलेली असे, कोणाला लागू नये म्हणून. ही बाहेर आलेली आहे," ते म्हणाले. मग त्यांनी डोळे मिटले आणि अंगठा त्या क्रोमवरून सावकाश, टोकापासून बुडापर्यंत नेला, पुन्हा आणला, आणि बुडाजवळ, खालच्या अंगास, जेथे आमचा हात चाळीस वर्षांत कधी गेला नव्हता, तेथे थांबवला.

"येथे मुलाम्याखाली फोड आहे," ते म्हणाले. "मुगाच्या दाण्याहून लहान. तुमच्या वडिलांनी बरोबर नापास केली."

चहा उतू गेला होता.